जाऊन राहिले

सांगली स्टेशनवर एक गाडी रोज थांबते आणि तिच्या डब्यांवरच्या पाटीवर स्वच्छ अक्षरांत ‘गोंदिया’ लिहिलेलं असतं. कुणाला सोडायला स्टेशनवर गेले की मी त्या पाटीकडे पाठ करून उभी राहायची. कारण गोंदियापासून तासाभराच्या वाटेवर माझी हेमा राहते, आणि ‘तुमच्याकडं थेट गाडीच नाही गं’ असं मी तिला फोनवर सांगून ठेवलं होतं.

हेमा आणि मी कोल्हापूरला बी.एड.च्या वसतिगृहात एका खोलीत होतो. तिचे मामा तिकडे नोकरीला होते, म्हणून महाराष्ट्राच्या त्या टोकाची मुलगी या टोकाला आली. वर्षभर आम्ही एकमेकींच्या बोलण्याच्या नकला केल्या, एकमेकींच्या साड्या नेसलो आणि परीक्षेत एकमेकींना अजिबात मदत केली नाही, कारण दोघींनाही काही येत नव्हतं. मग तिचं लग्न झालं. सालेकशाजवळच्या एका गावात, धान पिकवणाऱ्या पोवारांच्या घरात ती गेली आणि तिथून सव्वीस वर्षं दरवर्षी मला बोलावत राहिली. ‘ये, दोघी मिळून कचारगडावर जाऊ,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. दरवर्षी मी न जाण्याचं एक कारण दिलं.

कारणं मी मन लावून देते. मुलाची दहावी, सासऱ्यांचं पथ्य, शाळेची तपासणी, तिकडचं ऊन, इकडचा पाऊस. एका वर्षी काहीच सुचेना तेव्हा आमच्या कुत्रीचं बाळंतपण सांगितलं. आमच्याकडे कुत्री नव्हती. गेल्या दोन वर्षांपासून मात्र मला विचार करायची गरज उरली नाही, कारण मी न्हाणीघरात घसरले आणि मला डावा गुडघा मिळाला. डॉक्टर म्हणाले, “काही झालेलं नाही, भरपूर चाला.” त्यातलं पहिलं वाक्य मी घरात कुणाला सांगितलं नाही आणि दुसरं स्वतःला सांगितलं नाही. लग्नकार्यं, जिने, नावडते नातेवाईक, सगळ्यांवर तो एकच गुडघा पुरला.

मग जानेवारीत हेमाचा फोन आला. “नंदे, हे शेवटचं बोलावणं. यंदा आली नाहीस तं मी पुन्हा म्हणणार नाही. रागानं नाही सांगून राहिली. थकली मी.”

रागाने बोलली असती तर मी तिला हसवलं असतं. थकलेल्या माणसाला काय करायचं ते मला येत नाही. मी फोन ठेवून बसले, तर पेपरामागून नवरा म्हणाला, “गाडी थेट आहे. त्या पाटीकडं पाठ करून उभी राहतेस, तीच.”

होळी झाल्यावर मी निघाले. बॅगेत चार साड्या होत्या, आणि बाकीचं सगळं गुडघ्याचं सामान: पट्टा, दोन तेलं, गरम पाण्याची पिशवी.

गोंदिया

हेमा स्टेशनवर आली नव्हती. तिचे यजमान टेकचंदभाऊजी आले होते, आणि तिचा निरोपही त्यांनीच दिला. “ते म्हणते, घराच्या पायरीवर पाय ठेवला तं मानीन.”

गोंदिया शहर हिंदीत चालतं. रिक्षावाले, फळवाले, पोह्यांच्या गाडीवरचा माणूस, सगळे माझ्याशी हिंदीत बोलले आणि मी माझ्या सांगलीच्या हिंदीत उत्तरं दिली. पोहेवाला नम्रपणे म्हणाला, “ताई, मराठीत बोला, समजते मले.”

गाडीत बसायच्या आधी भाऊजींनी घरी फोन लावला आणि म्हणाले, “येऊन राहिलो.” मी चमकले. आम्ही अजून स्टेशनबाहेर पोहे खात होतो. मग वाटेत आमगावच्या आसपास पुन्हा फोन आला, पुन्हा तेच: “पोहचून राहिलो.” मी मनात म्हटलं, वा, हा आपल्या पंथाचा माणूस. पोचायच्या आधीच पोचलो म्हणून सांगतो, वर तिथे जाऊन राहिलोसुद्धा म्हणतो. माझा तो समज किती महागात पडणार होता हे मला पोहे खाताना कुठून कळणार.

वाटेवरचं काय सांगू. आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असतो. तो माणसाला काही दिसू देत नाही. इथे जमीन बुटक्या बांधांनी चौकोन चौकोन पाडून ठेवलेली. त्या एकेका चौकोनाला बांधी म्हणतात. काही बांध्या कापणी होऊन कोरड्या पडलेल्या, काहींत पाणी आणि उन्हाळी धानाची कोवळी हिरवाई. मधूनच पळस असा पेटलेला, की नाटकवाल्याने लाल दिवा जरा जास्तच लावला असं वाटावं.

हेमा पायरीच्या आत उभी होती. माझा पाय पायरीवर टेकेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, “आली खरी,” आणि माझ्या हातातली बॅग घेऊन आत गेली. मी मिठी मारायला पसरलेले हात तसेच राहिले. ते मी शिताफीने पदर सावरायला वापरले.

हेमाचं गाव

जेवायला बसलो तर हेमाची जाऊ दुर्गाबाई म्हणाली, “आज पोपटाची भाजी केली जी ताई.” माझा हात थांबला. हेमा माझ्याकडे बघत होती. तिने मुद्दाम काही सांगितलं नाही. वाटीत पाहिलं तर शेंगांचे हिरवे दाणे. वालाच्या जातीच्या त्या शेंगेलाच इथे पोपट म्हणतात. तिसऱ्या वाटीनंतर मी त्या पक्ष्याची मनातल्या मनात माफी मागितली. सोबत लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात. भातानंतर भात, आणि मग थोडा भात. आमच्याकडे भाकरी झाली की शेवटी मूठभर भात घेतात, तोसुद्धा ताक संपवायला. संध्याकाळी मी सहज विचारलं, “पोळी आहे का?” तर दुर्गाबाई काळजीने म्हणाली, “पोट बरं नाही का जी?”

घरात आपापसांत पोवारी चाले. भाऊजींच्या खापरपणजोबांच्याही आधीची माणसं माळव्यातून आली, ती बोली अजून चुलीपाशी टिकून आहे. माझ्याशी मात्र सगळे झाडीबोलीत, म्हणजे इकडच्या मराठीत बोलत. मी नकला करणारी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी ‘का’ऐवजी ‘काऊन’ आणि ‘कायले’ तोंडात घोळवायला लागले होते. ‘राहिलो’चं कोडंही मी सोडवलं होतं. हेमाच्या तोंडी ते ऐकलं होतं, पण मी नकला नेहमी हेलाच्या केल्या, अर्थाच्या नाही. जेवून राहिलो, झोपून राहिलो, जाऊन राहिलो. काम पुरं झालं आणि माणूस तिथे निवांत राहिलासुद्धा, हे ठसवायची यांची पद्धत असणार. माझं मलाच कौतुक वाटलं.

हेमा बांधीवर पाणी सोडायला गेली होती. ती चिडलेली नव्हती. वाढत होती, विचारपूस करत होती, पण जपून, जशी आपण आलेल्या सोयऱ्यांची करतो. ते मला टोचत होतं. दुर्गाबाई अंगणात सुपात डाळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “कचारगड पाह्यलं का जी ताई?”

कचारगड म्हणजे डोंगर, डोंगर म्हणजे चढ. गुडघ्याचं भाषण माझ्याजवळ तयार होतं, पण ते पाच मिनिटांचं आहे आणि ऊन तापायला लागलं होतं. मी जवळची वाट काढली. पाहून झालंय, तिथे मुक्काम करून आलेय, असं ठोकून दिलं की विषय संपला. आणि तेही त्यांच्याच बोलीत.

“कचारगडाला? जाऊन राहिले की मी.”

सूप थांबलं. “एकटी?”

“एकटी.”

“धीट आहे बाई,” दुर्गाबाई म्हणाली, सूप खाली ठेवलं आणि लगबगीने फाटकाबाहेर गेली.

मी खुशीत पाय पसरले. आणि मग, पाय पसरलेलेच असताना, माझ्या थापेचा अर्थ मला समजला. कचारगड इथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे मी हेमाच्या दारावरून गेले, तिथे राहिले, आणि तिला न भेटता परत सांगलीला गेले. जिने सव्वीस वर्षं बोलावलं, तिच्या अंगणात बसून मी हे सांगितलं होतं.

हेमा आली ती पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन. फाटकापाशीच थांबली. “दुर्गा सांगते, तू कचारगडले जाऊन राहिली म्हणून.”

“म्हणजे तसं… मी काय म्हणाले…”

ती माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. पायावरचा चिखल वाळेल इतका मला वाटला. मग म्हणाली, “मंग एकटी कायले जातेस? उद्या सकाळी सहाले निघू. मी येते.”

आणि तेव्हा, चोवीसेक तास त्या बोलीत राहिल्यावर, मला व्याकरण कळलं. जाऊन राहिले म्हणजे जातेय. आत्ता, या घडीला निघालेय. भाऊजी बिचारे खरंच येत होते, खरंच पोचत होते.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या पाच बायका मला बघून गेल्या. “हेमीची सांगलीवाली आली आन् कचारगडले जाऊन राहिली,” असं एकमेकींना सांगत होत्या. एकीने स्वतःची बांबूची काठी आणून दिली. माझ्या गुडघ्याबद्दल बोलायला मी दोनदा तोंड उघडलं, पण हेमाकडे बघून मिटलं. चुलीपुढे ती बसली होती आणि तिचे डोळे भरल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, आनंदाने.

कचारगड

धनेगावपाशी गाडी ठेवून आम्ही दोघी चालायला लागलो. भाऊजी खाली थांबले. सूर्य नुकता वर येत होता आणि झाडांखाली मोहाची फुलं पडली होती, पिवळसर, ओलसर, आणि वास असा की नुसता श्वास घेऊन माणूस जरा सैल व्हावा. माघ पौर्णिमेला इथल्या गुहेतल्या देवस्थानाला लांबलांबून गोंड समाजाची माणसं येतात, डोंगर माणसांनी भरून जातो. आता आम्ही दोघी आणि पाखरं.

पहिली पंधरा मिनिटं गुडघ्याने काही तक्रार केली नाही. मला त्याचा राग आला. दोन वर्षं मी त्याला तेल पाजलं, सगळ्या घरासमोर त्याची बाजू घेतली, आणि ऐन वेळी हा एखाद्या विशीतल्या गुडघ्यासारखा वागत होता. मी मुद्दाम एका उंच दगडावर तो टेकवून पाहिला. काही नाही. डॉक्टरांचं पहिलं वाक्य आठवलं आणि मी एकटीच लाजले.

कुठे पायऱ्या, कुठे नुसते दगड, असं करत आम्ही एका अरुंद वळणावर आलो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली झाडांचे शेंडे. तिथे हेमा बसली.

“तू होय पुढं. माझी चप्पल घसरते.”

“चप्पल काढ.”

“खडे टोचतात.”

“सावकाश जाऊ.”

“बीपीची गोळी घरी राहिली व.”

एक कारण खरं असू शकतं. लागोपाठ तीन आली की एकही खरं नसतं. या धंद्यात माझी उमर गेली आहे. पण मला बसायला मिळत होतं, तेव्हा मी तिच्या शेजारी बसले.

खालून एक बाई आल्या. सत्तरीच्या असाव्यात. डोक्यावर मोहफुलांची टोपली, पायात काही नाही. “जय सेवा,” म्हणाल्या. आम्हीही म्हटलं.

“काऊन बसल्या?”

“बीपी आहे जी मावशी,” हेमा म्हणाली.

“आन् तुमाले?”

“गुडघा,” मी म्हणाले. सवयीने तोंडातून निघून गेलं.

त्यांनी दोघींकडे नीट बघितलं. मग टोपली उतरवून आमच्यामध्ये ठेवली. “बसूनच राहता तं हे राखा. वांदरं येतात. मी वरतं पाया पडून येते.” आणि त्या वळणावरून अशा गेल्या, जशी मी स्वयंपाकघरातून पडवीत जाते.

आम्ही दोघी, एकूण एकशे चार वर्षं वयाच्या, बी.एड. झालेल्या बायका, मोहाची टोपली राखत बसलो.

“नंदे,” हेमा म्हणाली, “मी वरतं कधी गेलीच नाही.”

“कुठं?”

“इथंच. लग्न झालं त्या वर्षी घरच्या साऱ्या बायका आल्या होत्या. याच वळणावर मी खाली पाह्यलं आन् माझे पायच हालेनात. रडली मी. दोघींनी धरून खाली नेलं. वर्षभर हसत होत्या. मंग पुढच्या वर्षी विचारलं, येतेस का? मी म्हटलं, माझी सांगलीची मैत्रीण येणार आहे, तिच्यासंग जाईन.”

“आणि मग?”

“मंग दरवर्षी तेच म्हटलं. तू येत नव्हतीस, बरं चाललं होतं.” ती हसली, पण नीट हसता आलं नाही. “सव्वीस वर्षं तू मले कारण देत होतीस, आन् मी तुलेच कारण म्हणून देत होती. यंदा पुन्हा तेच तोंडावर आलं आन् माझी मलेच कीव आली. म्हणून म्हटलं, शेवटचं बोलावते. नाही आली तं निदान खोटं बोलणं तरी सुटंन.”

मी आदल्या दिवसाची थाप कबूल करायला सुरुवात केली. “हेमा, काल मी दुर्गाबाईंना जे म्हणाले ना, ते…”

“मालूम आहे मले. कोल्हापुरात एक वर्ष काढलं मी. तुमच्यात ‘जाऊन राहिले’ म्हणजे काय होते ते मले समजत नाही का?”

“मग तू…”

“आधी वाटलं, इथवर येऊन गेली आन् मले भेटली नाही. मंग म्हटलं, नंदी आन् डोंगर चढून राहणार? शक्य नाही. खोटंच आहे.” माझ्या आळसावरचा तिचा हा विश्वास मला त्या क्षणी फार मोलाचा वाटला. “तिथल्या तिथं दुर्गाले खरं सांगतलं असतं तं तूही सुटली असतीस आन् मीही. मी फाटकात उभी राहून तोच विचार करत होती. मंग म्हटलं, जाऊ दे. तू तुझ्या बोलीत खोटं बोलली, मी माझ्या बोलीत खरं ऐकते.”

“काल रात्री रडत होतीस ती?”

“भेव लागून राहिलं होतं. आताही लागून राहिलं आहे.”

मी उठले. गुडघ्याचा पट्टा काढून पिशवीत टाकला, आणि टोपली उचलून डोक्यावर घेतली. जड होती. “काऊन व हेमे, बसतेस काऊन?” मी म्हणाले. “खाली बघायचं नाही. माझ्याकडं बघ. मी पडले तर तुला फार हसू येईल, ते चुकवू नकोस.”

तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. कातळाच्या बाजूने ती, दरीच्या बाजूने मी, डोक्यावर मोहाची टोपली, आणि तोंडाने मी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंची नक्कल करत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. वळण दहा-पंधरा पावलांचं होतं. संपल्यावर हेमाने मागे वळून बघितलं आणि म्हणाली, “एवढंसंच होतं?” मग ती खरोखर रडली.

गुहा किती मोठी असेल याचा मला अंदाजच नव्हता. मी एखादं भुयार मनात धरलं होतं. हे तर दगडाचं सभागृह. आत गारवा, आणि उजेड वरून झिरपत आलेला. मावशी हात जोडून उभ्या होत्या. आम्ही मागे उभ्या राहिलो. मग त्यांनीच सांगितलं, की फार फार मागे त्यांच्या समाजाची लेकरं या गुहेत कोंडली गेली होती, तोंडावर मोठा दगड होता, आणि बाजा वाजवणाऱ्या एका माणसाने तो हलवून लेकरांना बाहेर काढलं, पण स्वतः त्या दगडाखाली गेला. त्या हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला नाही. घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगत होत्या. मी आयुष्यभर गोष्टी सांगत आले. त्या दिवशी मला ऐकायला मिळाली, आणि वर हात जोडायला जागाही मिळाली.

मग त्यांची नजर माझ्या डोक्याकडे गेली. “टोपली वरतं कायले आणली?”

“वांदरं येतात म्हणालात ना.”

“आता खाली कोण नेईन?”

“आम्हीच,” हेमा म्हणाली.

“मंग न्या,” मावशी म्हणाल्या, आणि हात हलवत रिकाम्या डोक्याने पुढे निघाल्या. त्या वळणावर त्यांनी मागे वळून हेमाला हात दिला नाही, पण तिचं पाऊल पडेपर्यंत थांबल्या. खाली पोचल्यावर मूठभर फुलं माझ्या पदरात टाकली. त्यांचं नाव फुलवंताबाई. माझ्या पायांवर त्यांचे उपकार आहेत.

परत

निघायच्या दिवशी हेमा स्टेशनवर आली. तांदळाचं पोतडं, लाखोळीची डाळ, मोहाचे लाडू, सगळं सीटखाली ढकलून झालं. भाऊजी पाण्याची बाटली आणायला गेले. हेमा खिडकीशी उभी राहून इकडचं तिकडचं बोलत होती. मी वाट बघत होते. ती म्हणाली होती, हे शेवटचं बोलावणं, आणि हेमा शब्दाची पक्की आहे. ‘पुन्हा ये’ एवढं सोडून तिने सगळं म्हटलं. डबा वेळेवर खा म्हणाली, झोपताना बॅग उशाशी घे म्हणाली. गाडीने शिटी दिली.

“हेमा,” मी न राहवून म्हणाले, “आता बोलावणार नाहीस?”

“नाही,” ती म्हणाली. “बोलावणं पाव्हण्याले असते. जुलैत धानाची रोवणी आहे, माणसं मिळत नाहीत. पाऊस लागला की येजो. चिखलात उतराचं आहे, जुनी साडी आणजो. चांगली आणली तं मी उतरू देणार नाही.”

गाडी हलली. ती चार पावलं सोबत चालली, मग थांबली, आणि हात न हलवता तशीच उभी राहिली, कामाला सांगून मोकळं झालेल्या माणसासारखी.

घरी आल्यावर कपाट उघडलं. जुनी म्हणावी अशी साडीच निघेना. मी सगळ्या जपून ठेवल्या आहेत, कारण नेसून कुठे जायचं म्हटलं की मी जात नव्हते. शेवटी शेजारच्या काकूंकडे मागितली. त्यांनी फरशी पुसायला काढून ठेवलेली एक सुती साडी दिली आणि विचारलं, “हिचं काय करणार?”

“चिखलात उभी राहणार,” मी म्हणाले, आणि धुऊन, घडी घालून, बॅगेत ठेवली.